निरोपाची एकच बाजू : म्हाताऱ्या कुत्र्याचा मृत्यू आणि करुणाचा प्रश्न

मराठीत 'निरोप' या शब्दाचे दोन अर्थ रूढ आहेत. एक सांगाव्याचा आणि दुसरा विदाईचा. या दोन्ही अर्थांना समोर कोणीतरी समजणारा गृहीत धरावा लागतो. सांगावा पोहोचावा लागतो. आणि 'निरोप देणे' व 'निरोप घेणे' ही क्रियापदे एकमेकांवाचून पुरी होत नाहीत. घरात बारा-चौदा वर्षे वावरलेला कुत्रा म्हातारा होतो, त्याच्या डोळ्यांवर सारा चढतो, मागचे पाय उचलेनासे होतात, आणि एके दिवशी घरातली माणसे त्याच्याभोवती बसतात. ही माणसे काय करीत असतात? ती निरोप देत असतात, पण तो घेणारा तेथे नसतो. आपण जात आहोत हे त्याला माहीत नसते. किंवा माहीत असले तरी ते आपल्याला कळण्याचा मार्ग नसतो. निरोपाची एकच बाजू उपलब्ध असलेला हा प्रसंग आहे. साहित्यात तो जेथे जेथे येतो तेथे दुसऱ्या रिकाम्या बाजूचे लेखक काय करतो, यावर त्या लेखनाचे वाङ्मयीन मूल्य पुष्कळ अंशी अवलंबून राहते, असे दिसते.

हा विषय गंभीर समीक्षेच्या कक्षेत क्वचितच येतो. पाळीव कुत्र्याचे मरण हे ललित निबंधाचे, फार तर आठवणींच्या लेखनाचे सामान्य द्रव्य मानले जाते. विनोदाला तर हे क्षेत्र केव्हाच बहाल केलेले आहे. पु. ल. देशपांडे यांच्या 'पाळीव प्राणी'मधील विनोदाचा रोख प्राण्यांपेक्षा त्यांना पाळणाऱ्यांकडे अधिक आहे, आणि तो तेथे रास्तही आहे. मात्र त्या हसण्याच्या सवयीमुळे एक प्रश्न मागे पडला. कुत्र्यासाठी होणारा शोक करुणरसाच्या पदवीला पोहोचू शकतो काय, की त्याचे स्थान रसाभासातच आहे?

प्रश्न अकादमिक वाटेल; परंतु संस्कृत काव्यशास्त्राच्या दृष्टीने तो पोकळ नाही. विश्वनाथाने 'साहित्यदर्पणा'त शृंगारातील अनौचित्याची स्थाने सांगताना तिर्यग्योनीतील, म्हणजे पशुपक्ष्यांतील, रतीचा समावेश केला आणि तिला रसाभासाच्या कोटीत टाकले. यावरून पशू हा रसाच्या संदर्भात दुय्यम, असा एक सरधोपट समज रुजला. पण विश्वनाथाचा आक्षेप पशू हा भावाचा आश्रय असण्याला आहे. येथे विचाराधीन असलेल्या प्रसंगात शोकाचा आश्रय माणूस आहे आणि कुत्रा हा आलंबन आहे. शिवाय ज्या परंपरेने हा नियम घडविला तिचा स्वतःचा उगमच एका पक्ष्याच्या मरणात आहे, हे विसरून चालत नाही. क्रौंचवधाच्या प्रसंगी शोकाचा श्लोक झाला, या रामायणातील कथेला आनंदवर्धनाने काव्याच्या आत्म्याच्या चर्चेत पुरावा म्हणून उभे केले. आणि 'लोचना'त अभिनवगुप्ताने तेथे एक सावधगिरीची सूचना जोडली. हा शोक मुनीचा स्वतःचा समजू नये, असे तो बजावतो. कारण तसे मानले तर मुनी दुःखाने व्याकूळ होईल, आणि व्याकूळ माणसाकडून रसनिष्पत्ती व्हायची नाही.

कुत्र्यावरील शोकलेखन नेमके या सूचनेपाशी अडखळते. वाल्मीकीचा त्या क्रौंचाशी काही संबंध नव्हता. त्याने त्याला दूधभाकरी घातली नव्हती, त्याचे नाव ठेवले नव्हते, पावसाळी रात्री त्याला दारात घेतले नव्हते. घरच्या कुत्र्याच्या बाबतीत हे सगळे झालेले असते, आणि हे 'सगळे' लेखनात ओतण्याचा मोह अनावर असतो. नावे, खोड्या, खाण्याच्या आवडी यांची यादी वाढत जाते आणि शोक लेखकाच्या अंगणाबाहेर पडत नाही. या लेखनाची मोठी अडचण साधारणीकरणाची आहे. विषयाच्या क्षुद्रतेचा दोष त्याला लावण्याचे कारण नाही.

सार्वजनिक स्मृतीने या अडचणीवर एक सोपा तोडगा काढलेला दिसतो. तिने भूमिका उलट्या केल्या. तोक्योच्या शिबुया स्थानकावर हाचिको या कुत्र्याचा पुतळा १९३४ मध्ये उभा राहिला. १९२५ मध्ये मालक वारल्यानंतरही तो स्थानकावर त्याची वाट पाहत राहिला म्हणून. (पुतळ्याच्या अनावरणाच्या वेळी हाचिको स्वतः हयात होता; आपल्या स्मारकाला हजर राहण्याचा मान फार थोड्या माणसांनाही लाभतो.) रायगडावरील वाघ्याचे स्मारक १९३६ सालचे. धन्याच्या चितेत उडी घेणाऱ्या कुत्र्याच्या त्या कथेला समकालीन कागदपत्रांचा आधार मिळत नाही, आणि त्यावरून वादही झालेले आहेत. येथे त्या वादात शिरण्याचे प्रयोजन नाही. लक्षात घ्यावयाचे ते इतकेच की, लोकमानसाला माणसासाठी शोक करणारा कुत्रा चौकात उभा करावासा वाटला. कुत्र्यासाठी शोक करणारा माणूस मात्र परसदारीच राहिला. त्याच्यासाठी दगड घडला नाही.

अभिजात साहित्याने मात्र त्याला परसदारी ठेवले नाही. महाभारताच्या रचनेत कुत्रा दोन निर्णायक जागी उभा आहे. आदिपर्वात जनमेजयाच्या सत्रात एक कुत्र्याचे पिल्लू येते. त्याने हविर्द्रव्याकडे पाहिलेले नसते, ते चाटलेलेही नसते; तरी राजाचे भाऊ त्याला मारतात. ते रडत आईकडे जाते, आणि त्याची आई सरमा येऊन राजाला जाब विचारते. तिला उत्तर मिळत नाही, तेव्हा नकळत कोसळणाऱ्या भयाचा शाप ती देते. ग्रंथाच्या दुसऱ्या टोकाला, अवघ्या तीन अध्यायांच्या महाप्रस्थानिक पर्वात, हस्तिनापुरातून निघालेल्या सहा माणसांच्या मागे सातवा म्हणून एक कुत्रा चालू लागतो. त्याला कोणी बोलाविलेले नाही. द्रौपदी पडते, एकामागून एक चारही भाऊ पडतात. युधिष्ठिर मागे वळून न पाहता प्रत्येकाच्या पतनाचे कारण सांगत पुढे जातो. शेवटी तो आणि कुत्रा उरतात. इंद्राचा रथ येतो. भाऊ आणि द्रौपदी आधीच स्वर्गात पोहोचली आहेत असे कळल्यावर युधिष्ठिर कुत्र्याचा प्रश्न काढतो, आणि कुत्री बाळगणाऱ्यांना स्वर्गात जागा नाही असे इंद्र सांगतो.

या संवादातील सर्वांत तीक्ष्ण प्रश्न इंद्राचा आहे. भावांना आणि पत्नीला सोडून आलास, मग कुत्र्याला का सोडत नाहीस? युधिष्ठिराचे उत्तर शोकाच्या भाषेत नाही. ती मेली होती, मेलेल्यांशी ना संधी ना विग्रह. जिवंत असताना त्यांना सोडले नव्हते, असे तो म्हणतो. म्हणजे त्याच्या लेखी मेलेल्याला मागे ठेवणे हा त्याग नव्हे, जिवंत आश्रिताला मागे ठेवणे हा त्याग आहे. महाभारत येथे निरोपाच्या प्रसंगाला चक्क नकार देते. ज्या 'आनृशंस्या'ची महती हा ग्रंथ पुनःपुन्हा सांगतो त्याचा अर्थ मुकुंद लाठ यांनी अहिंसेपासून वेगळा काढून दाखविला आहे. माणसांच्या नात्यागोत्यात राहून पाळता येईल असा तो धर्म आहे. संन्याशाला कुत्रा नसतो. त्यामुळे त्याला हा पेच पडणार नाही.

तथापि या कथेतील एक तडजोड नजरेआड करता येत नाही. कुत्रा शेवटी धर्म असल्याचे उघड होते. देव प्रकट होतो आणि कुत्रा नाहीसा होतो; स्वर्गाच्या दारात खऱ्या कुत्र्याचे काय करावयाचे, या अडचणीतून ग्रंथाची सुटका होते. रिकामी बाजू भरली गेली, तीही सर्वांत मोठ्या अर्थाने. कसोटी होती असे कळल्यावर युधिष्ठिराच्या हट्टाचे मोल कमी होत नाही, कारण हट्ट धरताना त्याला ते ठाऊक नव्हते. पण चालत आलेल्या त्या मुक्या प्राण्याचे मोल कमी होते. एवढी वाट तुडविणारा तो कुत्रा कुत्रा म्हणून कोठेच पोहोचत नाही.

योगायोगाने 'ओडिसी'तील कुत्र्याचा प्रसंगही सतराव्याच सर्गात येतो. यातून काही निष्पन्न होत नाही. पण दोन्ही प्रसंग शेजारी ठेवण्याचे ते एक निमित्त होते. वीस वर्षांनी भिकाऱ्याच्या वेषात घरी परतलेला ओडिसिअस डुक्करपाळ्या युमेअसबरोबर वाड्याच्या दाराशी येतो. तेथे शेणाच्या ढिगावर, गोचिडांनी भरलेला आर्गोस पडलेला आहे. ओडिसिअसनेच त्याला लहानाचा मोठा केला होता. शिकारीला नेण्याआधीच ट्रॉयचे युद्ध उभे राहिले. आर्गोस धन्याला ओळखतो. शेपूट हलवितो, कान पाडतो, पण उठून जवळ येण्याचे बळ त्याच्यात नाही. ओडिसिअसला त्याच्यापाशी जाता येत नाही, कारण ओळख उघडी झाली तर जिवावर बेतेल. तो तोंड फिरवून युमेअसच्या नकळत डोळा पुसतो आणि एक विलक्षण गोष्ट करतो. तो परक्यासारखी चौकशी करतो की, हा कुत्रा दिसायला देखणा आहे. पळायलाही चपळ होता, की नुसता पंगतीच्या शोभेचा?

या प्रश्नाची योजना कवीने अतिशय जाणतेपणाने केलेली आहे. निरोपाचे शब्द उच्चारणे ओडिसिअसला शक्य नाही, म्हणून तो ते दुसऱ्याच्या तोंडून वदवून घेतो. युमेअस भाबडेपणाने सांगू लागतो. याचा धनी दूर देशी मेला, हा एकेकाळी किती वेगवान होता, रानातले कोणतेही जनावर याच्या वासातून सुटत नसे, आता दासींचे याच्याकडे लक्ष नाही. आपण एका मरणाऱ्याचे गुणवर्णन त्याच्या धन्यासमोर करीत आहोत हे त्याला माहीत नाही. बोलून तो आत जातो. आणि ओडिसिअसला विसाव्या वर्षी पाहिलेला आर्गोस त्याच जागी मरतो. पुढच्या ओळीपासून कथा वाड्यातील पंगतीकडे वळते. ओडिसिअस त्याविषयी पुन्हा बोलत नाही.

एरिक आउअरबाखने 'मिमेसिस'च्या पहिल्या प्रकरणात होमरविषयी एक सुप्रसिद्ध सिद्धान्त मांडला. होमरच्या जगात सर्व काही पुढच्या, उजळलेल्या पटलावर असते. त्याची माणसे मनातले बोलून दाखवितात, मागे अंधारात काही राहत नाही. हा सिद्धान्त ओडिसिअसच्या व्रणाच्या प्रसंगावर उभा आहे. दोनच सर्ग अलीकडच्या आर्गोसच्या प्रसंगावर तो उभा केला असता तर इतका निर्धास्त राहिला असता काय, याची शंका येते. येथे मनातले बोललेले नाही, अश्रू लपविलेला आहे, आणि ज्याच्यासाठी तो आहे त्याला तो दिसलेला नाही. आणखी लक्षणीय असे की, येथे निरोपाची दुसरी बाजू रिकामी नाही. ती पूर्ण भरलेली आहे. आर्गोसने आपले काम केले आहे. रिकामी आहे ती माणसाची बाजू. कुत्र्याला बोलता येत नाही हे नित्याचे. येथे माणसालाही बोलता येत नाही, आणि काही क्षण दोघे एकाच पातळीवर येतात. खाजगी शोकाचे साधारणीकरण होमरने कोणत्याही उदात्त तुलनेवाचून, केवळ परिस्थितीच्या बांधणीतून साधले आहे.

कालिदासाकडे याच जातीची एक जागा आहे, फक्त प्राणी वेगळा आणि जाणारी व्यक्ती माणूस. 'शाकुंतला'च्या चौथ्या अंकात निघालेल्या शकुंतलेचे वस्त्र मागून कोणीतरी ओढते. ते तिने श्यामाकाच्या मुठी भरवून वाढविलेले हरणाचे पाडस असते. पाडसाला कालिदासाने शब्द दिलेले नाहीत, अश्रूही दिलेले नाहीत. फक्त एक ओढ दिली. जो कवी मेघाला निरोप्या करू शकतो त्याने येथे हात आखडता घेतला, हे महत्त्वाचे.

या संयमाची किंमत कळण्यासाठी याच्या उलट टोकाची संहिता पाहावी लागते. यूजीन ओनील या अमेरिकन नाटककाराच्या घरी सिल्व्हरडीन एम्ब्लेम ऊर्फ ब्लेमी हा डाल्मेशियन जातीचा कुत्रा होता. डिसेंबर १९४० मध्ये तो म्हातारपणाने गेला, आणि पत्नी कार्लोटा हिच्या सांत्वनासाठी ओनीलने ब्लेमीचे मृत्युपत्र लिहिले. त्यात ब्लेमी स्वतः बोलतो. आपण आता भार झालो आहोत, आपले नाकही चालत नाही, असे सांगतो; मरणाला कुत्री भीत नाहीत असा दिलासा देतो; दुसरा कुत्रा आणा अशी विनंती करतो आणि आपला पट्टा व पॅरिसहून शिवून घेतलेला कोट त्या वारसाच्या नावे करतो.

ही संहिता भावविवश म्हणून निकालात काढणे सोपे आहे, पण ते अन्यायाचे होईल. मृत्युपत्र या घाटाला इच्छाशक्तीचा धनी असलेला कर्ता लागतो, आणि कुत्र्यापाशी नेमके तेच नाही. ओनीलला हे अर्थातच कळत होते. कोटाचा तपशील ही विसंगती उघडीच ठेवतो. अडचण उत्पन्न होते ती जेथे मृत्युपत्र माणसांना अपराधभावातून मोकळे करू लागते तेथे. नवा कुत्रा आणल्याने माझा विसर पडला असे होणार नाही, असे ब्लेमी म्हणतो, तेव्हा क्षमा मागणारा, क्षमा लिहिणारा आणि क्षमा स्वीकारणारा एकच असतो. याच सुमारास ओनील 'लाँग डेज जर्नी इन्टू नाइट' लिहीत होता. त्या नाटकातील टायरोन कुटुंबाची चार माणसे दिवसभर आणि रात्र सरेपर्यंत बोलत राहतात, आणि त्यांच्या एकाही वाक्याने कोणी मोकळे होत नाही. तेही हस्तलिखित त्याने कार्लोटालाच अर्पण केले. माणसांच्या तोंडून जी क्षमा त्याला खरी करून दाखविता आली नाही ती त्याने त्याच वर्षांत कुत्र्याच्या तोंडून सहज वदविली. मृत्युपत्र सुखद वाटते ते यामुळे, आणि त्याच्याविषयी थोडी शंका राहते तीही यामुळेच.

आजच्या घरातील म्हाताऱ्या कुत्र्याचा मृत्यू या सर्व संहितांना अपरिचित अशा एका गोष्टीने वेढलेला आहे. तो पुष्कळदा ठरवून होतो. वेदना असह्य झाल्या की डॉक्टरांना बोलावले जाते, दिवस आणि वेळ घरातले लोक निश्चित करतात, आणि ज्या हातावर त्याचा बारा वर्षांचा विश्वास आहे तोच हात सुई टोचली जात असताना त्याच्या डोक्यावर असतो. दया आणि विश्वासघात यांतील सीमारेषा येथे पुसट होते. युधिष्ठिराच्या कसोटीने पाहिले तर जिवंत आश्रिताला सोडणेच हे. आणि न सोडावे तर त्याला तडफडू देणे. आनृशंस्य दोन्ही बाजूंनी दावा सांगते.

हा पेच पुरेशा निष्ठुरपणे हाताळणारी संहिता म्हणून जे. एम. कुट्सी यांच्या 'डिसग्रेस' (१९९९) या कादंबरीचा शेवट पाहावा लागतो. तेथील कुत्रा घरचा नव्हे, म्हाताराही नव्हे. मागचा एक पाय वाळलेला तो एक तरुण, बेवारस कुत्रा आहे. पण निर्णय घेणाऱ्या माणसाची जागा तीच आहे. केपटाउनच्या विद्यापीठातून बदनाम होऊन बाहेर पडलेला प्राध्यापक डेव्हिड लूरी बेव्ह शॉच्या प्राणिचिकित्सालयात नको असलेल्या कुत्र्यांना मारण्याच्या कामी मदत करतो. त्यांची शवे तो स्वतः भट्टीपर्यंत नेतो, कारण ताठरलेले पाय अडू नयेत म्हणून कामगार पिशव्यांवर फावडी मारतात आणि ते त्याला पाहवत नाही. मेलेल्या कुत्र्याला याचा काही उपयोग नाही, हे त्याला ठाऊक आहे. वाळक्या पायाच्या कुत्र्याला त्याच्याविषयी माया वाटू लागली आहे. त्याला आणखी आठवडाभर ठेवता आले असते. शेवटच्या प्रसंगी लूरी त्याला उचलून आत आणतो, कुत्रा त्याचे तोंड चाटतो, आणि तो त्याला बेव्हच्या हाती देतो. तू याला अजून ठेवशील असे वाटले होते, अशा अर्थाचे काहीतरी बेव्ह बोलते. कुत्र्याला सोडून देत असल्याचे सांगून लूरी थांबतो आणि कादंबरीही थांबते.

येथे कुत्र्याच्या तोंडी क्षमा नाही, त्याच्या आत देव नाही, आणि लूरीची सुटकाही नाही. हा शेवट त्याच्या आध्यात्मिक उन्नतीचा द्योतक म्हणून वाचणारी समीक्षा बरीच झाली. ती कादंबरीला तिने न मागितलेले सांत्वन पुरविते. चाटणे हे चाटणेच राहते. आर्गोसच्या शेपटीला होमरने जेवढे मोल दिले तेवढेच कुट्सी त्याला देतो, अधिक नाही.

या कादंबरीत आणखी एक धागा आहे. लूरी बायरनवर एक ऑपेरा रचीत असतो. हा तोच बायरन, ज्याने १८०८ मध्ये पिसाळून मेलेल्या आपल्या बोट्सवेन या न्यूफाउंडलंड कुत्र्यासाठी न्यूस्टेड अॅबी येथे भव्य समाधी बांधली आणि तिच्यावरील कवितेत कुत्र्यापेक्षा मानवजातीविषयीच अधिक लिहिले. कुत्र्याला पायरी करून माणसांवर कोरडे ओढण्याची ती रीत पुढे फार चालली. लूरीच्या ऑपेरात मात्र बायरन हळूहळू मागे पडत जातो आणि वय झालेली, एकाकी तेरेसा पुढे येते. चिकित्सालयाच्या मागच्या अंगणात तो एका खेळण्यातल्या बँजोवर तिचे सूर शोधीत बसतो, तेव्हा वाळक्या पायाचा तो कुत्रा कान टवकारून ऐकतो. स्वतःच सूर काढील की काय, असे वाटावे इतके. या रचनेत कुत्र्यालाही एक स्वर द्यावा काय, असा विचार लूरीच्या मनात येऊन जातो. ऑपेरा पुरा होत नाही, आणि तो स्वर त्यात आला की नाही हे कादंबरी सांगत नाही.